पाठदुखी आणि पाठपुरावा

कोथरूडमध्ये चार घरी पोळ्या करणाऱ्या एक ताई तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत एमआरआयचे मोठे पाकीट, कमरेचे दोन पट्टे आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळालेले व्यायामाचे तीन झेरॉक्स कागद होते. कागदांच्या घड्या जशा घातल्या तशाच होत्या. ते पुन्हा उघडले गेल्याची एकही खूण त्यांच्यावर नव्हती. त्यांतला एक कागद माझ्याच दवाखान्यातला होता. त्याच्या दोन वर्षे आधी त्या एकदा येऊन गेल्या होत्या. मी त्यांना पाच व्यायाम करून दाखवले होते, कागद हातात दिला होता आणि ‘रोज करा’ असे सांगितले होते. त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत हे विचारायला मीही कधी फोन केला नाही.

मी गेली बावीस वर्षे पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. त्या कागदावरचा सल्ला चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. तो अपुरा होता. कंबरदुखीच्या रुग्णाला हालचाल करायला सांगणे हा उपचाराचा केवळ आरंभ आहे. ती हालचाल त्याच्या रोजच्या दिनक्रमात रुजेपर्यंत काही महिने त्याची विचारपूस करणे, काय जमले आणि काय जमले नाही हे ऐकून घेणे आणि त्याप्रमाणे पुढचा टप्पा लहान-मोठा करत राहणे हा खरा उपचार आहे. आज आपल्या आरोग्यव्यवस्थेत हे काम कुणाच्याच वाट्याला आलेले नाही, त्याचा मोबदला कुणी देत नाही, आणि म्हणून ते होत नाही. या कामाला आरोग्यसेवा म्हणून मान्यता मिळावी, महापालिकेच्या दवाखान्यांत त्याची सोय व्हावी आणि विम्यात त्याचा समावेश व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याला अलीकडे हेल्थ कोचिंग म्हणतात. सरकारी पत्रव्यवहारात घासून गुळगुळीत झालेला असला, तरी ‘पाठपुरावा’ हा आपला शब्द मला त्यासाठी अधिक नेमका वाटतो.

दुखण्याचा आवाका आधी लक्षात घेतला पाहिजे. २०२० साली जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि लोकसंख्या वाढत व वृद्ध होत चालल्यामुळे २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. माणसाला जी वर्षे अपंगत्वासह काढावी लागतात, त्यांच्या कारणांत कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो. यांतील सुमारे ९० टक्के रुग्णांच्या दुखण्यामागे एखादे हाड, मणक्यांमधली एखादी गादी (चकती) किंवा एखादा आजार असे निश्चित बोट ठेवता येत नाही. याचा अर्थ ते दुखणे खोटे असते किंवा मनाचे खेळ असतात असा मुळीच नाही. दुखणे खरे असते, फक्त त्याचा पत्ता एका जागेचा नसतो. उरलेल्या थोड्या रुग्णांच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, पायातील ताकद झपाट्याने कमी होणे, पडझडीनंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, आधी कर्करोग होऊन गेलेला असणे, आणि आपल्या देशात विशेषतः संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे व रात्रीही न थांबणारे दुखणे, कारण यामागे मणक्याचा क्षयरोग असू शकतो. अशा रुग्णाला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवले पाहिजे. या लेखातील बाकीचे सगळे विवेचन ही तपासणी होऊन गेलेल्या रुग्णांविषयी आहे.

कंबर धरली की पडून राहायचे, पलंगावर फळी टाकायची आणि महिनाभर वाकायचे नाही, हा सल्ला आपल्याकडे इतका खोल मुरलेला आहे की शिकलेल्या घरांतही तो वडीलधाऱ्यांच्या आज्ञेसारखा पाळला जातो. या सल्ल्याचा आधार फार पूर्वीच निखळला आहे. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहण्यास सांगण्यात आले. दोन दिवस विश्रांती घेणाऱ्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि दुखण्यात काही फरक पडला नाही. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात तीन गट होते: एक झोपून राहणारा, दुसरा कमरेचे ठरावीक व्यायाम करणारा आणि तिसरा झेपेल तेवढी नेहमीची कामे चालू ठेवणारा. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. म्हणजे गेली तीस वर्षे हे माहीत आहे, आणि तरीही माझ्याकडे येणाऱ्या नव्या रुग्णांपैकी बहुतेकांना कुणीतरी ‘आराम करा’ असे सांगितलेलेच असते.

त्यात एमआरआयच्या अहवालाची भाषा भर घालते. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘नस दबली आहे’ ही वाक्ये पुण्यात रोज हजारो लोक एकमेकांना सांगत असतील. गॅप हा शब्द ऐकल्यावर आपला कणा मधून उसवलेला आहे आणि आपण वाकलो तर तो निखळेल, असे चित्र माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्यांच्या छायाचित्रणांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चकत्यांची झीज विशीतील ३७ टक्के लोकांमध्ये आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांमध्ये आढळली. केस पिकणे जसे, तशी ही झीज. ती दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. अहवालावर हे एक वाक्य छापले जात नाही, आणि तो समजावून सांगायला डॉक्टरांकडे वेळ नसतो.

ताईंच्या बाबतीत या एका शब्दाने काय केले, ते त्यांच्याकडून ऐकण्यासारखे होते. त्यांनी चारपैकी दोन घरे सोडली. जमिनीवर बसणे बंद केले. पाण्याची कळशी उचलणे मुलीकडे गेले आणि त्यापायी मुलीची शिकवणी बुडू लागली. नवरात्रात चतुःशृंगीच्या पायऱ्या चढायच्या त्यांनी सोडल्या. रात्री कूस बदलतानासुद्धा त्या श्वास रोखून धरत. दुखण्याच्या भीतीने हालचाल कमी झाली की स्नायू दुबळे होतात, उरलेले स्नायू सतत ताठ राहून थकतात, मेंदू त्या भागाकडून येणाऱ्या साध्या संवेदनांनाही धोक्याची सूचना समजू लागतो, आणि पूर्वी ज्या हालचालीने काही होत नव्हते तिने दुखू लागते. मग माणसाला वाटते की आपली भीती बरोबर होती. या फेऱ्यातून बाहेर पडण्याचा रस्ता हालचालीतूनच जातो. पण ज्याला हालचालीचीच धास्ती बसली आहे, त्याला कागद देऊन त्या रस्त्यावर एकटे सोडणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीच्या काठावर उभे करून पोहण्याचे फायदे सांगण्यासारखे आहे.

या वेळी मी त्यांना कागद दिला नाही. तुम्हाला पूर्वी जमत होते आणि आता पुन्हा करावेसे वाटते असे काय आहे, एवढेच विचारले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मॅडम, गौरीला आमच्या घरी सगळ्या जावा मिळून खाली बसून पुरणपोळ्या लाटतो. मागच्या वर्षी मी एकटी खुर्चीवर होते.’ गौरी-गणपतीला तेव्हा पाच महिने होते. आमचे उद्दिष्ट ठरले.

दिवसातून तीस मिनिटे चाला, असे त्यांना सांगणे निरर्थक होते. त्या दिवसाचे सहा तास ओट्यापाशी उभ्या असत आणि घरांमधले अंतर पिशवी घेऊन धावतपळत कापत. कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला ‘तुम्ही हालचाल करत नाही’ असे म्हणणे हा अपमान आहे, आणि आम्ही आरोग्यसेवक तो अजाणता नेहमी करतो. नाइलाजाने, एकाच पद्धतीने आणि घाईत होणारे श्रम शरीराला जे देतात, ते स्वतःच्या गतीने केलेल्या हालचालीपेक्षा फार वेगळे असते. म्हणून त्यांच्यासाठी योजना निराळी ठरली. दर दहा पोळ्यांनंतर ओट्याखाली ठेवलेल्या पाटावर एक पाय टेकायचा आणि दोनदा कमरेतून मोकळे वाकायचे. शेवटच्या घराहून परत येताना पिशवी तिथेच ठेवून, रिकाम्या हाताने आठ मिनिटे आपल्या चालीने चालायचे. हे जमेल याची खात्री दहापैकी किती, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘चार.’ चार म्हणजे होणार नाही, हे बावीस वर्षांत मला कळले आहे. मग तीन का नाही, चार का, असे मी विचारले, तेव्हा जे त्यांना स्वतःला जमण्यासारखे वाटत होते ते त्यांनीच सांगितले. मग आठवड्यातून तीनच दिवस आणि पाचच मिनिटे असे ठरवले, आणि आकडा आठवर गेला. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला, त्यांच्या दोन कामांमधल्या मोकळ्या वेळेत, मी फोन करायचा असेही ठरले.

प्रश्न विचारण्याची ही रीत माझी नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली ती प्रथम मांडली, आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह तिला शास्त्रशुद्ध रूप दिले. माणसाला बदलायचे असते आणि बदलायचे नसतेही. अशा वेळी आपण बदलाची बाजू जोराने मांडली की तो दुसरी बाजू मांडू लागतो, हे त्यांचे निरीक्षण. आपल्या घरांत हे रोज घडते. ‘अहो, जरा फिरून या’ असे बायको दहा वेळा म्हणाली की काका अकराव्या वेळी फिरायला न जाण्याची सात कारणे सांगतात, आणि ती सांगता सांगता त्यांचीच खात्री पटत जाते. कारणे त्यांच्याकडून काढून घ्यायची असतील, तर ती फिरायला जाण्याची काढून घ्यावी लागतात.

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी एका घरी माळ्यावरचे सगळे डबे उतरवून घासले. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. गुरुवारी फोनवर त्यांचे पहिले वाक्य होते की चालण्यामुळे दुखणे वाढले, आता चालणे बंद. फोन झाला नसता तर तिथेच सगळे संपले असते आणि एका वर्षाने त्या चौथा कागद घेऊन चौथ्या ठिकाणी गेल्या असत्या. बरे वाटले त्या दिवशी साचलेले सगळे काम उपसायचे आणि मग तीन दिवस आडवे पडायचे, ही आपल्याकडच्या बायकांची सवय मला कंबरदुखीच्या प्रत्येक दुसऱ्या रुग्णात दिसते. दिवाळीच्या साफसफाईनंतरच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांची रांग लागते. त्यावरचा उपाय असा की दुखेपर्यंत काम करून थांबायचे नाही, घड्याळाप्रमाणे थांबायचे. चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त नाही आणि वाईट दिवशीही अगदी शून्य नाही. हे मी पहिल्या भेटीतही सांगितले होते. पण सांगणे आणि डबे घासून कंबर धरल्यावर ते नेमके तेव्हा पुन्हा बोलणे यांत फार अंतर आहे. कंबरदुखीचा उपचार फसतो तो बहुधा दवाखान्याबाहेर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि त्या वेळी तिथे आमच्यापैकी कुणीच नसते.

हा एका रुग्णाचा अनुभव झाला, आणि त्यावरून धोरण ठरवावे असे मी म्हणणार नाही. पुरावा काय आहे, तेही पाहिले पाहिजे. २०२४ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ प्रौढांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने सहा महिन्यांत सहा सत्रांत प्रत्येकाच्या वयाला, तब्येतीला आणि आवडीला धरून चालण्याचा कार्यक्रम आखून दिला, दुखण्याविषयी समजावून सांगितले आणि तो कार्यक्रम वेळोवेळी बदलला. उरलेल्यांना काही दिले नाही. कामात अडथळा आणणारी कंबरदुखी पुन्हा उद्भवेपर्यंतचा काळ मध्यक (मीडियन) धरून दुसऱ्या गटात ११२ दिवस होता, पहिल्या गटात २०८ दिवस. चालण्याला पैसे लागत नाहीत आणि यंत्र लागत नाही. या चाचणीत जे दिले गेले ते चालणे आणि त्यामागे उभे असलेले माणूस. मर्यादाही सांगायला हव्यात: त्यातील बहुसंख्य रुग्ण स्त्रिया होत्या, सरासरी वय ५४ होते, आणि हे सगळे दुखणे थांबलेले लोक होते. वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढणाऱ्यांना तोच लाभ होईल असे त्यावरून म्हणता येत नाही.

जुनाट कंबरदुखी असलेल्या ३४६ लोकांवरील दुसरी ऑस्ट्रेलियन चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. त्यात नेहमीच्या उपचारांबरोबर वजन, आहार, झोप आणि हालचाल यांविषयी मार्गदर्शन होते आणि फोनवरून आरोग्य-मार्गदर्शकाची साथ होती. न्यू साउथ वेल्स राज्यात अशी फोनसेवा २००९ पासून सरकारतर्फे मोफत चालते. सहा महिन्यांनी रोजच्या कामांतील अडचणी मोजणाऱ्या २४ गुणांच्या मोजपट्टीवर या गटाची स्थिती सरासरी १.३ गुणांनी अधिक चांगली होती. हा फरक लहान आहे, आणि पाठपुराव्याने कंबरदुखी ‘पूर्ण बरी’ होते असे जर कुणी जाहिरातीत लिहिले तर ते खोटे असेल. परंतु ज्या उपचारांशी याची तुलना करायची, त्यांचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम आणि मानसोपचाराधारित मदत यांची शिफारस आहे. आणि कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन (कणा ओढून ताणणे), उपचार म्हणून दिला जाणारा अल्ट्रासाउंड, त्वचेवरून विजेचे सौम्य झटके देणारी यंत्रे आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा नेहमीच्या उपचारांत वापर करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. ज्याचा लाभ लहान पण खरा आहे त्याला आपल्याकडे मोबदला नाही, आणि ज्याची शिफारसच होत नाही त्याचे दहा सिटिंगचे पॅकेज गल्लोगल्ली मिळते.

यात मी माझ्या व्यवसायाला वगळत नाही. रुग्ण दारातून आत येतो तोच ‘मशीन लावून घ्यायला आलो’ असे म्हणत, कारण आम्हीच त्याला तसे शिकवले आहे. मशीन लावले की वीस मिनिटांचे पैसे घेता येतात आणि त्याच वेळात दुसऱ्या रुग्णाकडे पाहता येते. दवाखान्याचे भाडे त्यातून निघते. वीस मिनिटे फोनवर बोलण्याचे पैसे मागायला संकोच वाटतो आणि द्यायला रुग्णालाही पटत नाही. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतात, त्यामुळे मणक्याची शस्त्रक्रिया विम्यात बसते, पण ती टाळण्याची शक्यता वाढवणारे सहा फोन बसत नाहीत. ही कुणा एकाची लबाडी नाही. पैसा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेने उपचार वाहत जातात, आणि ती दिशा बदलणे हा सार्वजनिक निर्णयाचा विषय आहे.

पाठपुराव्याला घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला मान्य असल्यामुळे त्याच्याशी थांबले पाहिजे. आक्षेप असा: लोकांना हालचाल करायला प्रोत्साहन देत बसणे म्हणजे दुखण्याचा दोष त्यांच्याच गळ्यात घालणे आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे. एवढे लोक एकाच वेळी आळशी झाले, असे मानणे शक्य नाही. पुण्यात चालायला निघालेल्या माणसाची वाट कशी असते ते पाहा. पदपथ असेल तिथे त्यावर दुचाकी लावलेल्या असतात, गर्दीच्या वेळी चालवलेल्याही असतात. मध्येच तो तुटतो, चेंबरचे झाकण वर आलेले असते, आणि गुडघाभर उंचीवरून उतरून पुन्हा चढावे लागते. ज्याची कंबर दुखते आहे त्याला ही चढउतार म्हणजे शिक्षाच. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद पदपथ पाहिला की हे शहर मनात आणले तर काय करू शकते ते दिसते, पण धायरीत किंवा वारज्यात राहणाऱ्या बाईला तिथे चालायला येण्यासाठी आधी बसने तासभर हादरे खावे लागतात. वेताळ टेकडी आणि तळजाई हे या शहराचे भाग्य आहे. पहाटे तिथे पोहोचू शकणाऱ्यांचे भाग्य अधिक. महापालिकेची बहुतेक उद्याने सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात आणि दुपारी बंद. ताईंना मोकळा वेळ फक्त दुपारी मिळतो. हे मला त्यांच्या सहाव्या फोनवर कळले. तोपर्यंत घराजवळचे उद्यान सुचवणारी मी, त्याचे फाटक त्यांच्या वेळेला बंद असते याचा विचारही केला नव्हता.

म्हणून मला असे वाटते की हा आक्षेप कागदी सल्ल्याला जितका लागू पडतो तितका नीट केलेल्या पाठपुराव्याला पडत नाही. ‘व्यायाम करा’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवणारा माणूस रुग्णाच्या अपयशाचे कारण कधी ऐकतच नाही, आणि ऐकले नाही की आळस हेच कारण गृहीत धरले जाते. जो दर आठवड्याला विचारतो त्याला उद्यानाचे फाटक, पदपथाची उंची, सुपरवायझर बसू देत नसलेली सुरक्षारक्षकाची बारा तासांची पाळी आणि हिंजवडीहून घरी यायला लागणारे दीड तास हे सगळे ऐकावे लागते. अशा शंभर रुग्णांच्या नोंदी एका प्रभागात जमल्या, तर उद्यान दुपारी उघडे ठेवा अशी मागणी करायला त्याहून चांगला पुरावा कोणता असेल? ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद करून पादचारी दिन साजरा केला, तेव्हा त्या रस्त्याच्या मधोमध सावकाश चालणारी वृद्ध माणसे मी पाहिली होती. वर्षातल्या उरलेल्या दिवसांचे काय, हे सांगणारी माणसे दवाखान्यांत रोज येतात. त्यांचे म्हणणे लिहून घेणारे कुणी नाही.

पुण्याला योगाची मोठी परंपरा आहे, मग आणखी कशाला काय, असेही विचारले जाते. योगाभ्यास कंबरदुखीला उपयोगी पडतो, आणि बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोऱ्या, लोड यांच्या आधाराने अशक्त माणसालाही आसन करता यावे यासाठी याच शहरात जे काम केले त्याचा मला आदर आहे. ते वर्ग ज्यांना परवडतात आणि गाठता येतात त्यांनी जरूर जावे. माझा मुद्दा प्रकाराचा नाहीच. चालणे, आसने, पोहणे, सूर्यनमस्कार यांपैकी जे माणूस सहा महिन्यांनंतरही करत असेल ते त्याच्यासाठी चांगले. वारजे परिसरातील एक काका दर वर्षी फेब्रुवारीत येऊन विचारतात, ‘या वर्षी दिवे घाट चढू का?’ आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून सासवडला जाते तो हा टप्पा. त्यांच्यासाठी मी दुसरा कोणताही व्यायाम शोधत नाही. बारा मिनिटांपासून सुरुवात करून जूनपर्यंत आम्ही चाल वाढवत नेतो, आणि दिंडीतले सोबती उरलेले काम करतात. त्यांची कंबर अजूनही मधूनमधून दुखते. घाट ते चढतात.

हे काम कुणी करायचे, याबाबत सावध राहायला हवे. आज कुणीही आठ दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून हेल्थ कोच असा फलक लावू शकतो, आणि त्यांतले काही जण चूर्णे व पावडरी विकतात. संलग्न आरोग्य-व्यावसायिकांसाठी २०२१ साली संसदेने केलेल्या राष्ट्रीय कायद्यात फिजिओथेरपीचा समावेश आहे. पाठपुराव्याचे काम अशा नोंदणीकृत व्यावसायिकाच्या देखरेखीखालीच व्हावे, मग प्रत्यक्ष फोन परिचारिकेने केला, आशाताईंनी केला किंवा इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्याने केला तरी चालेल. पुण्यात फिजिओथेरपीची अनेक महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिप सक्तीची असते. त्या मुलांना ऐकायला शिकवणे ही आमची जबाबदारी आहे, आणि खरे सांगायचे तर यंत्र लावायला शिकवण्यापेक्षा ते कठीण आहे. आशाताईंवर मात्र हे काम मानधनाशिवाय लादले जाऊ नये. त्यांच्या डोक्यावर आधीच पुरेशी ओझी आहेत.

संदेश शहरभर एकच जायला हवा, हेही तितकेच महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९७ ते १९९९ या काळात दूरचित्रवाणीवरून एक मोहीम राबवली: कंबर दुखली तरी हालते राहा, काम चालू ठेवा. शेजारच्या राज्याशी तुलना करता लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि कंबरदुखीबद्दलच्या भरपाईचे दावे कमी झाले. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट ‘चाला’ म्हणतो, अस्थिरोगतज्ज्ञ ‘वाकू नका’ म्हणतो, औषधाच्या दुकानात पट्टा मिळतो आणि सोसायटीतले काका फळी टाकायला सांगतात. अशा गोंधळात पाठपुरावा करणाऱ्याचे निम्मे फोन इतरांचे सल्ले निस्तरण्यात जातात.

सुरुवात लहान करता येईल. महापालिकेने एका प्रभागातील दोन दवाखाने आणि आयुष्मान आरोग्य मंदिरे निवडावीत, धोक्याची लक्षणे तपासून डॉक्टरांनी पाठवलेल्या कंबरदुखीच्या रुग्णांची तिथे नोंद व्हावी, प्रत्येकाला एक प्रत्यक्ष भेट आणि सहा महिन्यांत सहा फोन मिळावेत, आणि फोनची वेळ रुग्णाने ठरवावी. वर्षाच्या शेवटी केवळ ‘दुखणे दहापैकी किती’ एवढेच न मोजता, रुग्णाचे कामाचे किती दिवस बुडाले, त्याने स्वतः ठरवलेली गोष्ट तो करू लागला का, किती एमआरआय आणि किती पट्टे वाचले, आणि चालण्याच्या आड काय आले याची यादी, हे सगळे प्रभाग समितीपुढे ठेवावे. फरक दिसला नाही तर योजना बंद करावी आणि तसे जाहीरही करावे. ताईंच्या नोंदीपुरते सांगायचे तर त्या वर्षी गौरीच्या जेवणाला त्या खाली बसल्या, अर्ध्या तासाने उठून भिंतीला टेकल्या आणि पुन्हा बसल्या. सोडलेल्या दोन घरांपैकी एक त्यांनी परत धरले आहे. दुसरे चौथ्या मजल्यावर आहे आणि तिथली लिफ्ट बंद असते.